आधी चष्मा, मग तेल

मार्गशीर्षातला सोमवार, १९५६. जागा दिघीची खाडी, गोदामाच्या बांधकामाची साइट. हजर: ओव्हरसियर पेठेसाहेब, चुन्याच्या हौदावरचा धर्मा, त्याची बायको सोनाबाई आणि स्टोअरकीपर म्हणून मी. हौदातून वाफ निघत होती आणि धर्माचा चष्मा कपाळावर होता.

"धर्मा, चष्मा डोळ्यांवर घे!" साहेब ओरडले.

"घेतो साहेब. आदी दिसू तर दे!"

भाजलेल्या चुन्याच्या ढेकळाला कळी म्हणतात. कळी पाण्यात पडली की पाणी उकळतं, ढेकूळ फुलतं, फुटतं. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. धर्माचा डावा असाच गेला होता, आमच्याकडे येण्याआधी. तरी त्याला काम हेच हवं होतं. ढग खाली उतरून उकळतायत असं समजून तो हौदाकडे बघत राही. मलाही ते बघायला आवडतं. सकाळच्या धुक्यात वाफ मिसळते, खाडी कुठे संपते ते कळत नाही आणि पलीकडच्या आगरदांड्याची होडी हवेतून तरंगत आल्यासारखी वाटते.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "शनिवारपर्यंत याचा चष्मा जागेवर राहिला नाही, तर याला हौदावरून काढतो. दुसरा डोळा माझ्या साइटवर जायला नको."

चष्मा चांगला होता. जाड काच, कडेला चामडं, मागे रबरी पट्टा. मग अडत कुठे होतं? मी हौदाजवळ उभा राहून बघितलं.

चुना अंगाला लागू नये म्हणून इथली माणसं कामाआधी तोंडाला, हातांना खोबरेल चोपडतात. धर्मा तर तेल निथळेपर्यंत चोपडायचा आणि त्याच हातांनी चष्मा घालायचा. काचेला तेल, पट्ट्याला तेल. तेलाने रबर सैल पडतं. चष्मा घसरायचा, आतून धुरकट व्हायचा, की धर्मा तो वर ढकलायचा.

"उद्यापासून तेल बंद," साहेब म्हणाले.

सोनाबाई पाणी ओतत होती. ती वळली. "डोला ठेवायचा आन् तोंड जालायचं, व्हय साहेब?"

तेल बंद करायची गरज नव्हती. क्रम बदलायचा होता. दुसऱ्या दिवशी मी नवा पट्टा लावला. वाफ धरू नये म्हणून काचेला आतून साबण चोळला आणि कोरड्या फडक्याने पुसला. मग कोरड्या तोंडावर चष्मा, पट्ट्यावरून मुंडासं, सगळ्यात शेवटी तेल. त्यानंतर चष्म्याला बोट लावायचं नाही.

तेल सोनाबाईनेच लावलं. "नवरदेव दिसता जनू."

"तू बी आज नीट दिसतेस," धर्मा म्हणाला. "कपाल माजं!"

शुक्रवारी एक मोठं ढेकूळ वर आलं, कोबीच्या गड्ड्यासारखं उमललं आणि फुटलं. आवाज फारसा झाला नाही. फक्त धर्माचं तोंड चुन्याने एकदम पांढरं झालं. तो तसाच उभा राहिला.

"अवो!" सोनाबाईने घागर टाकली.

मी त्याच्या डोक्यावर स्वच्छ पाणी ओतलं, ओतत राहिलो, मग चष्मा काढला. चष्म्याखालची कातडी कोरडी होती.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

धर्माने सावकाश मान फिरवली. "खाडी हाय. होडी हाय. ही रडते हाय."

धर्मा हौदावर राहिला. वस्तू चांगली असून भागत नाही, ती कशाच्या आधी घालायची तेही ठरवावं लागतं, एवढं मी शिकलो.

त्या गडबडीत सोनाबाईच्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली, चुन्याचे दोन ठिपके दिसले. ते धुऊन मी तिला स्टोअरमधला चष्मा लावून बघितला. तिच्या बारीक तोंडावर कडेने बोट जाईल एवढी फट राहते. लहान मापाचा मागवला, तर दुकानदाराने कळवलं की बायकांच्या मापाचे येत नाहीत. मी पुन्हा लिहिलं आहे. तोवर ती लांबून, तोंड फिरवून पाणी ओतते.

तिचा चष्मा अजून यायचा आहे.