सुखडी आणि कडी

मनीषा वजनकाट्यावर चढली आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा खाली आला. तिच्यामागच्या मुलीचंही तेच. अकराजणींपैकी सातजणींचं वजन उतरलेलं. महिनाभर सुखडी वाटून हे फळ.

मी आहारतज्ज्ञ. एका संस्थेसाठी बडोद्यात छाणीजवळच्या एका वस्तीत बारा ते पंधरा वर्षांच्या मुलींचं वजन, उंची आणि खाणं बघते. सुखडी म्हणजे कणीक, गूळ, तुपाची वडी. इकडे घरोघर होते. आम्ही तिच्यात तीळ आणि दाण्याचं कूट घालतो आणि दर सोमवारी आठवड्याचा डबा प्रत्येक मुलीच्या घरी देतो.

ऑफिसात सर म्हणाले, काटा बिघडला असेल. मी स्वतः चढून पाहिलं. माझं वजन नेहमीएवढंच भरलं. काटा बिघडलेला निघाला असता तर मला आनंदच झाला असता.

मग वस्तीतल्या आमच्या कार्यकर्त्या हंसाबेन यांना घेऊन मनीषाच्या घरी गेले. तिची आई संगीता नंदुरबारकडची, बांधकामावर जाते. सुखडी कुठे जाते, असं विचारल्यावर बाई जराही गडबडली नाही. तिने फळीवरून पत्र्याचा मोठा डबा काढला. आत सगळी सुखडी, कागद घालून थरावर थर रचलेली.

"टाकून द्यायचं पाप कसं करू, ताई? पोरीला देत नाही, आणि घरचंही जरा कमीच वाढते, एवढंच."

"का पण?"

"तुम्हीच सांगितलं ना मीटिंगमध्ये. चांगलं खाल्लं की पाळी वेळेवर येते म्हणून. मला वेळेवर नको आहे. थोरलीला आली आणि तिच्या बापाने शाळा बंद केली. हिची दहावी होऊ द्या, मग खाऊ दे काय खायचं ते."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या मीटिंगमध्ये मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हंसाबेननी घरोघर विचारलं, तर ते ऐकून आणखी सहा आयांनी डबे उंच फळीवर ठेवले होते, आणि सातवी होती संगीता.

गंमत अशी की तिचा हिशोब चुकीचा नव्हता. शरीर वयात येण्याआधी साठा बघतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पोटभर न खाणाऱ्या मुलीला पाळी बहुतेकदा उशिरा येते. पण उंची, हाडं, रक्त, सगळं बांधायची वर्षंही हीच. तेव्हा राहिलेलं नंतर भरून काढणं फार कठीण जातं. मनीषाच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या होत्या आणि जिना चढताना तिला धाप लागत होती.

सरांनी सोपा उपाय सुचवला. खाण्याचा आणि पाळीचा काही संबंध नाही, असं सांगून टाका. मी म्हटलं, संबंध आहे, आणि खोटं सांगून मी सुखडी खपवणार नाही. जरा चढ्याच आवाजात म्हटलं. मग काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी मनीषाच्या वडिलांना गाठते.

रविवारी मनीषाचे वडील भगवानभाऊ घरी सापडले. मुलींचं शिक्षण या विषयावर मी लांबलचक भाषण तयार करून नेलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, शाळेत मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. थोरली आत असताना कुणीतरी दार ढकललं. पोर रडत घरी आली. त्या दिवसांत मी तिला तिथे कशी धाडू?"

मी इतके महिने वजन, उंची, रक्त, सगळं तपासलं होतं. हे कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

"तुम्ही काम काय करता?" मी विचारलं.

"वेल्डर आहे. गेट, ग्रिल, कड्या."

हंसाबेन फसकन हसल्या. मग मी, मग संगीता. भगवानभाऊंना जरा वेळाने हसू आलं. "सरकारी दाराला हात कोण लावणार, मॅडम?" ते म्हणाले.

शाळेच्या मोठ्या बेनना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, जाऊन विचारलं. कड्यांसाठी त्यांचे दोन अर्ज वर पडून होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कडी लावू नये असं काही कुठल्या कागदात लिहिलेलं नाही."

पुढच्या रविवारी चार दारांना चार कड्या लागल्या, तिजोरीला शोभतील अशा जाड. मुलींनी आत जाऊन, कडी लावून, काढून, पुन्हा लावून पाहिली. खिदळणं थांबेना. शेवटी भगवानभाऊ म्हणाले, आता मोडू नका. मनीषाचं नाव शाळेतून काढणार नाही, हे त्यांनी बायकोला तिथेच सांगितलं. सोमवारी संगीता स्वतः डबा न्यायला आली, आणि बाकीच्या सहाजणी तिच्यामागे.

वजनं चढली. थंडीत एका सकाळी मी चहा गाळत होते, तेव्हा संगीताचा फोन आला.

"ताई, आली."

"मनीषा कुठे आहे?" मी घाईघाईने विचारलं.

"कुठे म्हणजे? शाळेत गेली."

मला रडूच फुटलं. चहा ओट्यावर सांडला. दुपारी तिने घरची सुखडी पाठवली, आमच्यापेक्षा चांगली.

आता माझ्या फॉर्मवर वजन आणि उंचीच्या शेजारी मी हाताने एक रकाना आखते: शाळेच्या संडासाला आतून कडी आहे का? सरांनी विचारलं, याचा आहाराशी काय संबंध? मी त्यांच्यापुढे सुखडीचा डबा सरकवला आणि म्हटलं, खा, सांगते.