अहवालातली एक ओळ

मी त्या वाडीत पोचले तेव्हा वैशाखाचं ऊन होतं आणि निम्मी वाडी दारात बसून होती. बायका, बाप्ये, पोरं, सगळे एक पाय लांब करून भिंतीला टेकलेले. मला वाटलं, काय हे आळशी लोक. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन डोंगर चढून आलेल्या माणसाला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला की त्यांना नारू लागलाय, उठता आलं असतं तर बांधावर नसते का दिसले?

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. माझं वय तेव्हा बावीस. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि मी भवानी पेठेत वडिलांच्या घरी परत आले. वडील शाळामास्तर होते. लोकांचं न ऐकता त्यांनी मला आधी मास्तरणीच्या आणि मग दवाखान्यातल्या नर्सच्या शिक्षणाला घातलं. शहरातल्या काही वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक समिती काढली होती. बार्शीच्या पुढे बालाघाटच्या डोंगरात ज्या वाड्यांना रस्ता नाही, तिथे शाळा आणि औषध पोचवायचं, असं तिचं काम. पुरुष मास्तर तिकडे टिकत नव्हते. मी जाते म्हटलं.

सकाळी शाळा आणि दुपारी औषधाची पेटी, असा माझा दिवस असे. पेटीत हिवतापावरचं कोयनेल, आयोडीन, एरंडेल, बोरिक पावडर आणि पट्ट्या. पण वाडीचं खरं दुखणं विहिरीत होतं. विहीर पायऱ्यांची होती. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. ज्याच्या पायात नारू असेल त्याच्या फोडातून नारूच्या बारीक अळ्या पाण्यात पडायच्या, आणि तेच पाणी सगळे प्यायचे. वर्षभरानं ज्याच्या त्याच्या पायातून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर येऊ लागायचा, हातभर लांब, कधी त्याहून जास्त. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या, हे मी घरोघर सांगत फिरले. खरा उपाय म्हणजे पायऱ्या बंद करून काठावर रहाट बसवणं.

वाडीत नारू काढणारी एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत. फोडावर धोतऱ्याच्या पानांचं पोटीस बांधून ती किड्याचं टोक बाहेर येऊ द्यायची, ते एका काडीला गुंडाळायची आणि रोज काडीला एक वेढा द्यायची. एका पायाला पंधरा-वीस दिवस लागत. तिची नखं पाहून मला शिसारी आली आणि मी लोकांना तिच्याकडे जायला मनाई केली. तिला त्याचा राग आला नाही. एकदा माझ्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुजं औषध चांगलं हाय. फकस्त वढू नगंस. त्यो देईल तेवढाच घ्याचा."

मला शाळेत पहिली मुलं मिळाली ती एका शेतकऱ्याच्या घरची. पस्तिशीचा उंच माणूस. दगडी बांध घालावेत ते त्यानंच, असं आसपासच्या वाड्यांतही म्हणत. त्याला दोन मुली होत्या. मुली शाळेत घातल्या म्हणून लोक त्याला हसले, तर त्यानं मुलींना पाटी घेऊन माझ्या दारात स्वतः आणून बसवलं. विहिरीचं बोलणं त्यालाच आधी पटलं. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत मी घालतो, तुम्ही फक्त समितीकडून रहाट आणि चुना मिळवा, असं तो म्हणाला. पण गावाचा विरोध होता. बापजाद्यांच्या विहिरीला हात लावायचा नाही, असं जुनी माणसं म्हणत.

दुसऱ्या वैशाखात समितीची माणसं वाडी पाहायला यायची ठरली. रविवारी येणार होती. त्यांच्यासमोर गावाशी बोलेल असा माणूस तोच होता, आणि नेमका त्यालाच नारू लागला. डाव्या घोट्याच्या वर फोड आला, फुटला आणि टोक दिसू लागलं. तो मावशीकडे न जाता माझ्याकडे आला. मला त्याचा किती आनंद झाला, ते आज लिहायला लाज वाटते.

रोज थोडा थोडा करत मी चार बोटं नारू बाहेर काढला होता. गुरुवारी तो म्हणाला की रविवारपर्यंत मला उभं राहता येईल असं करा. मलाही तेच हवं होतं. समितीच्या डॉक्टरांसमोर मोकळ्या पायानं चालणारा माझा रोगी मला दिसत होता. जखम धुऊन मी त्याच्या बायकोला पाय घट्ट धरायला सांगितलं आणि काडी फिरवू लागले. नारू सहज येत होता. एक वेढा, दोन, तीन. वीतभर आला तेव्हा तो हसून म्हणाला, "वढा बाई, दुखत न्हाय." मी आणखी ओढला आणि तो तुटला. उरलेलं टोक झटकन आत गेलं. काडी माझ्या हातात राहिली.

तुटलेला नारू आत सडतो आणि विष पसरवतो; संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. मावशी बोलावल्याशिवाय आली, पाय पाहिला, पोटीस बांधलं आणि निघून गेली. शनिवारी त्याला ताप चढला. रविवारी सकाळी चौघांनी त्याला बाजेवर घालून डोंगर उतरायला घेतला. मी आणि त्याची बायको मागून चालत होतो. पायथ्याशी समितीची मोटार उभी होती आणि माणसं चढायच्या तयारीत होती. डॉक्टरांनी तिथेच पट्टी सोडून पाहिली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि याला थेट सोलापूरला नेऊ म्हणाले. मोटार त्यांनी लगेच दिली, हे मला सांगितलंच पाहिजे. तो जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता. बायको खाली बसून त्याचा पाय मांडीवर धरून होती.

दवाखान्यात तो पाच दिवस होता. पाय कापायचं ठरलं, पण तोवर विष वर चढलं होतं. शुद्धीत असला की तो भिंतीबद्दलच बोलायचा. तळाला दोन हात रुंदी घ्या, वर कमी करत या, मोठे दगड खाली. मी ते कागदावर लिहून घेत होते. मी ओढायला नको होतं, हे त्याला सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला. बायकोनं हंबरडा फोडला नाही. दवाखान्यातल्या बायका चमत्कारिक नजरेनं तिच्याकडे पाहत होत्या.

समितीचे चिटणीस वकील होते. अहवालासाठी त्यांनी मला बोलावलं. घडलं ते मी सगळं सांगितलं. लिहिता लिहिता त्यांनी टाक खाली ठेवला. हे छापलं तर देणाऱ्यांचा हात आखडेल, तुमच्या एका चुकीपायी दहा वाड्या औषधाला मुकतील, असं ते समजावून म्हणाले. मग त्यांनी लिहिलं, 'रोगी उशिरा आला; उपाय करूनही दगावला.' खाली मला सही करायला सांगितली. मी केली. माझी नोकरी जाईल, वडिलांना खाली बघावं लागेल, हेही मनात होतंच.

वाडीत परत गेले ती आधी त्याच्या घरी. बायको चुलीपुढे होती. ज्वारीचं पीठ तसंच परातीत पडलं होतं. मी तिला सांगितलं की माझ्या हातानं झालं, मी घाई केली. तिनं परात बाजूला सारली.

"तुमी वढला, मी पाय धरला, त्येंनी वढा म्हनलं," ती म्हणाली. "आता कुनी कुनाला काय म्हनायचं?"

मुलींना तिनं दुसऱ्या दिवसापासून शाळेत पाठवलं. त्यानंतर मी कुणाचा नारू ओढला नाही. मावशीजवळ बसून काडीला एक वेढा कसा द्यायचा, ते शिकले. ती शिकवायला कधी नाही म्हणाली नाही. त्या माणसाच्या मरणानं गावाचा विरोध मावळला, हेही खरं. समितीनं रहाट दिला आणि मी लिहून घेतलेल्या मापांनी गावातल्या माणसांनी भिंत उभी केली. दोन हात रुंद, वर कमी होत गेलेली.

पुढं जे झालं ते मात्र मला सावरता आलं नाही. थोरली मुलगी हुशार होती. अकराव्या वर्षी ती धडाधड वाचायची. हाताला लागेल ते वाचायची, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा. समितीचा छापील अहवाल शाळेच्या नावानं टपालानं आला आणि मी तो टेबलावर ठेवून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा ती अहवाल हातात घेऊन उभी होती. आमच्या वाडीचं पान तिनं काढलं होतं.

"बाई, माजा बा उशिरा न्हवता आला," ती म्हणाली. "फोड फुटला त्याच दिशी आलता. मी संगं व्हते."

मी म्हटलं, "हो. ते खोटं आहे."

"मग तुमचं नाव हाय की ह्याच्याखाली."

मी तिला सगळं सांगायला हवं होतं. वकिलांचं बोलणं, नोकरी, वडील. अकरा वर्षांच्या मुलीला त्यातलं काय सांगणार होते? तिनं अहवाल होता तिथे ठेवला आणि पाटी उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच आली. मी घरी गेले तर थोरली आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आई म्हणाली की तिचं मन न्हाय, राहू द्या. मी आणखी दोनदा गेले. पुढच्या वर्षी तिचं लग्न करून दिलं, डोंगराच्या पलीकडे निजामाच्या हद्दीत. ती त्यानंतर वाचत राहिली की नाही, कोण जाणे.

चिटणीसांना मी पत्र लिहिलं की पुढच्या अहवालात दुरुस्ती छापा. त्यांचं उत्तर आलं नाही. आणखी एकदा लिहिलं. मग सोलापूरला गेले तेव्हा समोर जाऊन विचारलं, तर त्यांनी चहा मागवला आणि वाडीचा नारू किती कमी झाला ते माझ्याकडून उत्सुकतेनं विचारून घेतलं. कमी झाला होताच. तीन-चार वैशाखांनंतर वाडीत दारात बसलेलं कुणी दिसेना. पाहुणे येत, विहीर पाहत, भिंतीला हात लावून पाहत. भिंतीची मापं कुणी दिली, असं कुणी विचारलं नाही.

मी सात वर्षांनी वाडी सोडली, ती वडील आजारी पडले म्हणून. निघताना थोरलीच्या आईनं मला शेंगांची चटणी बांधून दिली आणि पायथ्यापर्यंत सोबत आली. थोरलीला काही निरोप द्यायचाय का, असं तिनं विचारलं. ती बरी आहे ना, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, बरी हाय, दोन लेकरं झाली.