शिवण्णाची दोन बोटं

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्मे हसून सोडून देते. मी शाळेत गणित शिकवत होते... शकुन-अपशकुन आमच्या घरात कोणीच मानत नव्हतं. तरीही लिहितेय, कारण हे मी स्वतः पाहिलंय.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. घर सरस्वतीपुरममध्ये. माझे वडील, अण्णा, ड्रॉइंग टीचर होते. रिटायर झाल्यावर ते आमच्या रस्त्यावरचीच चित्रं काढायचे — गजरे ओवणाऱ्या बायका, नळावरची भांडणं. सगळ्यात जमलेलं चित्र शिवण्णाचं. तो नंजनगूडहून रोज बसने यायचा आणि कोपऱ्यावर एळनीर, म्हणजे शहाळी विकायचा. चित्रात त्याच्या डाव्या हातात शहाळं होतं, उजव्या हातात उगारलेला कोयता.

एका सकाळी अण्णांनी मला हाक मारली. चित्रातल्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. रंग खरवडलेला नव्हता, पुसलेला नव्हता... तिथे नुसती शहाळ्याची हिरवी साल दिसत होती.

"सुम्ने, उगाच बोलत नाही गं मी," अण्णा म्हणाले, "पाचही काढली होती."

मला वाटलं, वयाचा परिणाम. त्यांनी माझ्यासमोर ती बोटं पुन्हा रंगवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत नव्हती. या वेळी कडा लाल होत्या. लाल रंग त्यांनी वापरलाच नव्हता.

शाळेत जाताना मी शिवण्णाच्या हातगाडीपाशी थांबले. सांगावंसं वाटलं... पण सांगणार काय? एळनीर प्यायले आणि निघाले.

दुपारी परतले तेव्हा कोपऱ्यावर आरडाओरडा चालला होता. गेला आठवडाभर एक दुसरा शहाळीवाला शिवण्णाशी जागेवरून भांडत होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याने शिवण्णाचाच कोयता उचलला आणि त्याच्या डोक्यावर घातला. शिवण्णाने डावा हात आडवा धरला. आवाज अगदी शहाळं सोलतानाचा आला. बोटं सालींच्या ढिगात पडली. दुसरा घाव खांद्यात बसला. तिसऱ्याआधी समोरच्या इस्त्रीवाल्याने धावत येऊन तापलेली इस्त्री त्या माणसाच्या पाठीवर दाबली — शर्ट कातडीला चिकटला, तेव्हा कुठे कोयता सुटला. मी पदर फाडून शिवण्णाचा हात बांधायला बसले. रक्ताने गाठच बसत नव्हती.

तो वाचला. गेली ती तीच दोन बोटं.

ओल, खराब रंग, कॅनव्हासचा दोष... मी चित्रकारांना विचारून पाहिलं. कोणाचंच कारण पटलं नाही. अण्णांनी नंतर माणसांची चित्रं काढली नाहीत.

हॉस्पिटलमध्ये मी शिवण्णाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. त्याने बँडेजचा हात मांडीवर घेतला.

"हेळबेकित्तु अम्मा," तो म्हणाला. सांगायला हवं होतं. "एक दिवस मी आलो नसतो."

हे कसं घडलं, मला आजही माहीत नाही. पण मी सांगितलं असतं, तर तो खरंच घरी थांबला असता.