बादलीचा श्वास

डॉक्टर यतीन गुप्ते नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. उभं आयुष्य त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून दुसऱ्यांचे श्वास राखण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर लेकीनं घरी बिअर करायचं किट भेट दिलं आणि गृहस्थ पेटलेच. बादली, चमचा, नळी, सगळं ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक केलं, माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, रस उकळून निववला, त्यात पाकिटातलं यीस्ट भुरभुरलं आणि झाकण लावून बादली गॅरेजमध्ये ठेवली.

जानेवारीची थंडी होती. रस आंबू लागला की झाकणावर बसवलेल्या नळीतल्या पाण्यात बुडबुडे यायला हवेत; पण एक बुडबुडा येईल तर शपथ! "मेलं यीस्ट," म्हणत डॉक्टर चरफडत बादली ओतून द्यायला निघाले.

"अहो, अशा गारठ्यात इडलीचं पीठ तरी फुगतं का?" त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई कडाडल्या. त्यांनी बादली जुन्या शालीत गुंडाळली आणि घरातल्या गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, आपल्या पिठाच्या पातेल्याशेजारी नेऊन बसवली.

सकाळी टॉवेल काढायला डॉक्टरांनी ते कपाट उघडलं. नळीत एक बुडबुडा फुटला, गुडुक. थोडं थांबून पुन्हा गुडुक. त्यांनी हात लावून पाहिला. बादली कोमट होती. नकळत खुर्ची ओढून ते तिच्या उशाशी बसले. झोपवलेली माणसं त्यांनी हजारदा जागी केली होती. पण पाकिटातल्या कोरड्या भुकटीला आलेली जाग त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"अहो, चहा निवतोय! आणि ही बिअर प्यायची कधी?"

"हळू बोल गं," डॉक्टर कुजबुजले. "श्वास घेतेय ती."