आत्ताच फोन आला

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. माझ्या लेकीला, प्रज्ञाला, तर नाहीच — तिला कळलं तर ती काय म्हणेल, हा विचार मनात आला की मी उठून उगाच भांडी घासायला लागते. आज तुमच्याजवळ बसलेच आहे, तर बोलून टाकते.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, पवनी तालुक्यात. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा झाला, पण नदी आमच्याच वाट्याला राहिली — पुरासकट. म्हणून तहसीलमध्ये पुराचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा बचत गटाकडून मला पाठवलं. परत आले ती घरोघर फिरले. कागदपत्रं प्लास्टिकच्या थैलीत घाला, फुटाणे-मुरमुरे, गोळ्या, टॉर्च, दोरी एका पिशवीत भरून खुंटीला टांगा. बाया हसायच्या, पण भरायच्या. आमच्या गल्लीतल्या जनामावशीनं तिच्या पिशवीत पहिल्यांदा पानसुपारी भरली. म्हणाली, "मराचंच असन तं तोंड रंगवून मरीन ना व बाई!"

तहसीलचा फोन माझ्याच मोबाईलवर यायचा. ग्रामपंचायतीच्या भोंग्याची किल्लीही माझ्याकडे. केवढा मान वाटायचा मला त्या किल्लीचा!

त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते. अड्याळहून, प्रज्ञाला बघायला. याआधी एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलाचा मामा जाता जाता म्हणाला होता, "पोरगी चांगली आहे, पण गाव बुडतं ना जी तुमचं." ते स्थळ परत आलंच नाही. तेव्हापासून प्रज्ञानं आरशासमोर उभं राहणं सोडलं होतं. आणि हा मुलगा फोटोत पाहिल्यापासून तिला मनापासून आवडला होता — आईला कळत नाही का?

आकाश कसं होतं सांगू? स्वच्छ. ऊन पडलेलं. मी वडे तळत होते आणि फोन वाजला. तहसीलचे साहेब होते. "ताई, वरच्या धरणाचं पाणी सोडलंय. संध्याकाळच्या आत तुमच्या गावात शिरेल. आत्ताच भोंग्यावर सांगा, लोकांना शाळेत हलवा."

"हो साहेब, लगेच," मी म्हटलं.

आणि मोबाईल पोळ्यांच्या डब्यामागे ठेवून दिला.

गोंधळले होते का मी? नाही. मला सगळं नीट कळलं होतं. भोंगा वाजला की पाहुणे ताटावरून उठणार, जीपमध्ये बसणार, आणि अड्याळला जाऊन तेच सांगणार — गाव बुडतं. मी वडे उलटले. मनाशी म्हटलं, जेवणं तर होऊ दे.

जेवणं झाली. गप्पा झाल्या. मुलाच्या आईनं प्रज्ञाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोरगी आमाले पसंत आहे, विहीणबाई." विहीणबाई! मी भिंतीवरच्या बुद्धाकडे आणि बाबासाहेबांकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली. मग चहा. मग पुन्हा थोडं बसणं. त्यांना परत जायला नाल्यावरचा ठेंगणा पूल ओलांडायचा होता, हेही मला माहीत होतं. तरी मी चहात वेलची कुटून घातली.

जीप वळणाआड गेली आणि मी धावले. पदर कुठे, चप्पल कुठे. भोंग्यावर ओरडले — "आत्ताच फोन आला आहे! पाणी येऊन राहिलं आहे! पिशव्या घ्या, ढोरं सोडा, शाळेत चला!"

आत्ताच.

गाव निघालं. खुंटीवरच्या पिशव्या खरंच हातात आल्या. म्हातारी माणसं, लेकरं, बकऱ्या — सगळी शाळेच्या टेकाडावर पोहोचली. एकही जीव गेला नाही, हे आजही आठवलं की अंग हलकं होतं. पण आमच्या शेजारचे नामाभाऊ कोष्टी दारातच उभे होते. त्यांचा हातमाग खड्ड्याचा, म्हणजे पाय सोडून बसायचा खड्डा जमिनीत खणलेला. पाणी आधी तिथेच भरणार. मागावर उभ्या सुताचा नवा ताणा चढवलेला, पातळ अर्धं विणून झालेलं.

"सकाळी समजलं असतं तं खोलून नेला असता, वहिनी," ते म्हणाले. "आता कुठं टाइम आहे?" माझ्यावर राग नव्हता त्यांचा. नुसतं सांगत होते. मी म्हटलं, "चला भाऊ, जीव वाचवा." आणि त्यांच्या हाताला धरून ओढलं.

पाणी उतरल्यावर मागाचं लाकूड फुगलेलं निघालं, ताणा चिखलात कुजलेला. ते सबंध वर्ष नामाभाऊ दुसऱ्यांच्या बांधीत धान लावायला-कापायला गेले. विणकराचे हात ते — विळ्यानं पार फाटले. मी त्यांना कधी डबा दिला, कधी मलम दिलं. खरं काय ते तेवढं सांगितलं नाही.

पुढे त्यांनी माग पुन्हा उभा केला, आणि त्यावर पहिलं काय विणलं? प्रज्ञाच्या लग्नाचं पांढरं पातळ. निळ्या काठाचं. लग्नात सगळ्यांसमोर माझ्या विहिणीला म्हणाले, "या वहिनीमुळंच आमचं गाव वाचलं जी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

प्रज्ञा सुखात आहे. तिला मुलगी झालीय, गुबगुबीत.

तुम्हाला वाटेल, हिला त्या दिवशी तरी टोचलं असेल. तेच सांगायचं राहिलं. शाळेत चूल पेटली, खिचडी शिजली, आणि जनामावशीला कुणीतरी सांगितलं की प्रज्ञाचं जमलं. तिनं पिशवीतली पानसुपारी काढून वाटली, पाळीनं सगळ्यांना. बायांनी गाणी धरली. पोरांनी बाकं वाजवली. खाली गावात पाणी शिरत होतं, नामाभाऊ खिडकीशी उभे राहून आपल्या घराकडे बघत होते. मी त्यांना पाहिलं. आणि बायांनी माझा हात धरून ओढलं, तशी मी नाचले. मनापासून नाचले.