जनामामाचा मुद्दा

अन्याय झाला तो माझ्या मामावर, जनामामावर. शुक्रवारी, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर. करणारी मी. त्यानंतरच्या मंगळवारी जेवून आडवा झालेला मामा उठलाच नाही. त्याच्या मुलीचा, सोनलचा, फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच... आपण त्याला ग्रुपमधून काढलंय.

ग्रुप भिवंडीतल्या मांगा वाचणाऱ्यांचा. जपानी लढवय्यांच्या चित्रकथा वाचायच्या आणि कोण कोणाला लोळवेल यावर भांडायचं, एवढंच काम. मी तिथली अ‍ॅडमिन. एरवी मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते, लूमच्या शेडमध्ये उडणाऱ्या रुईबद्दल, बंद खिडक्यांबद्दल. माणसाला बोलू द्या, असं मोठ्या अक्षरांत छापते. मामा जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. माझी इंग्रजीतली पुस्तकं नेऊन तो चित्रं बघायचा आणि आपलं मत शेडमधूनच बोलून पाठवायचा, मागे लूमची खटाखट चालू.

वाद होता लाल पट्टेवाला आणि बुटका, या दोघांवर. लाल पट्टेवाला एका ठोशात भिंत पाडतो, त्याच्या ताकदीचा आकडाही पुस्तकात छापलाय. सगळा ग्रुप त्याच्या बाजूने, मामा एकटा बुटक्याकडून. "बाय, त्या पट्टेवाल्याचं तोंड बघ. तीन ठोशांत उघडं पडतं. बुटका पुस्तकभर तोंड मिटून हाय. बारा तास लूमवर उभा ऱ्हानारा तोंड मिटूनच दम घेतो, न्हायतर रुई जाते आत. बुटका दमनार न्हाय."

मी लिहिलं, तुला वाचता येत नाही, नुसती चित्रं बघतोस. तर म्हणाला, "आनि तू नुसती अक्षरं बघतेस." पोरं हसली. मी त्याला काढून टाकलं. चार दिवस फोनही केला नाही. स्वतःच करेल, म्हटलं...

तेराव्याला सोनलशेजारी पंगतीत बसले आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "ताई, पप्पा तर जाम खूश होते! शेडभर सांगत फिरले, भाचीजवल उत्तर न्हाय म्हनून मला बाहेर काढला, जिंकलो आपन! येत्या शुक्रवारी तुला चिडवायला येणार होते."

इतके दिवस घास उतरत नव्हता. त्या पंगतीत मी दोनदा भात मागून घेतला. मामा मनात काही खुपत ठेवून गेला नव्हता, हे कळणं किती मोठं असतं, ते मला पत्रकात लिहिता येणार नाही.

घरी येऊन सगळी पुस्तकं पानापानाने तपासली. बुटक्याचं तोंड एकाच चित्रात उघडं आहे, जेवताना. ग्रुपवर तसं लिहिलं: मामाचा मुद्दा बरोबर, माझा चूक. पण मला हायसं वाटलं म्हणून माझं वागणं माफ होत नाही. तो दिलदार होता, ती त्याची कमाई. उत्तर नसताना बटण दाबलं ते मी.

तुम्हीही कोणाला तरी असंच काढलं असेल, नाही म्हणू नका. आत्ता फोन उचला आणि त्याला परत घ्या. मग त्याच्या मुद्द्याला उत्तर द्या. उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगा, सगळ्यांसमोर, तो ऐकायला आहे तोवर.