विहिरीवरचा शिक्रा

धायरीच्या मुक्ताबाई पोकळे शाळेत गेल्या नव्हत्या, पण खुरपताना मान वर न करता कोणतं पाखरू बोललं ते सांगत. टिटवी माणसावर ओरडतेय की सापावर, हेही. १९७९पासून सहा वर्षं कर्वेनगरचे प्राध्यापक श्रीधर दामले दर रविवारी स्कूटरवरून येत, बांधावर बसत आणि त्या सांगतील ते वहीत उतरवून घेत.

मग दामल्यांचं पुस्तक आलं. सून शालूनं ते वाचून दाखवलं. पानोपानी मुक्ताबाईंचंच बोलणं होतं, त्यांच्याबद्दल मात्र एकच ओळ: ‘तिथली एक अडाणी बाई मला चहा करून देई.’

“परत वाच,” मुक्ताबाई म्हणाल्या.

शालूनं वाचलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दामल्यांना निरोप धाडला. “विहिरीवर लई भारी पाखरू आलंय. समदी मंडळी घिऊन या.”

दामले पक्षिमंडळाची तीस माणसं घेऊन आले. बाभळीच्या दाट फांद्यांतून आवाज आला, टी-टुई, टी-टुई.

“शिक्रा!” दामले म्हणाले. “बघायचीसुद्धा गरज नाही.” तीस वह्यांत शिक्रा लिहिला गेला.

“मास्तर, नीट ऐका,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“आपण चहाचं बघा.”

मुक्ताबाईंनी खडा उचलून बाभळीत भिरकावला. काळाकुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा पक्षी उडाला आणि समोरच्या तारेवर बसून पुन्हा तसाच ओरडला.

“सर, हा तर कोतवाल!” पद्मजा नावाची शिक्षिका म्हणाली. कुणीतरी हसलं.

“शिकऱ्याची नक्कल करतुया,” मुक्ताबाई म्हणाल्या. “शिकारी पाखरू आलं समजून बाकीची पाखरं भिऊन पळत्यात, मग ह्याला किडं आयतं गावत्यात. आठ दिस झालं. मास्तरांना मुद्दाम न्हाई सांगितलं.”

दामल्यांचा चेहरा पडला. तो मुक्ताबाईंनी पोटभर पाहून घेतला.

महिनाभरानं दामले एकटेच आले. “दुसऱ्या आवृत्तीत आपलं नाव घालतो.”

“नगा घालू. तुमच्या चुका माझ्या नावावर जातील.”

“मुक्ताबाई, झालं गेलं विसरा.”

“का म्हणून?”

तेवढ्यात ज्वारीत काहीतरी बारीक शीळ घालून गेलं. दामल्यांनी सवयीनं वही उघडली. “हे कोण?”

“ठाव न्हाई,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि खुरपं उचलून पुढच्या वाफ्याकडे गेल्या. पुढं त्या दर रविवारी पद्मजाला शेतातून फिरवून एकेक आवाज ओळखायला शिकवत. दामले दिसले, की गप्प होत.